कातळावरची सीतेची आसवे: सड्यावर माती घालण्याआधी

तुमचा प्रश्न असा: राजापूर तालुक्यात घरचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार आहे. २०२३ च्या गणपतीत गावी गेलात तेव्हा तो निळ्या-जांभळ्या फुलांनी भरला होता. गावात कोणी त्यांना सीतेची आसवे म्हणालं. २०२५ च्या गणपतीत मात्र चार ठिकाणी ठिपके, बाकी काही नाही. एरवी आठ महिने काळाठिक्कर असणाऱ्या कातळावर हे झाड येतं कुठून, ते कमी का झालं, मातीसकट काढून पुण्यात बाल्कनीत लावता येईल का, आणि काका म्हणतात तसं सड्यावर माती भरून हापूस लावला तर फुलांचं काय होईल?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीचे थांबू शकतात, जेसीबी थांबत नाही. माती पडली की तेवढ्या जागेवरची सीतेची आसवे संपली. हळूहळू कमी होत जातील असं नाही, पुढच्याच पावसात ती दिसणार नाहीत. पण म्हणून सगळा सडा सोडून द्या, आंब्याचं नाव काढू नका, असंही मी सांगणार नाही. बहुतेक सड्यांवर फुलांची जागा आणि झाड लागण्याजोगी जागा वेगवेगळी असते, आणि ती ओळखायला लोखंडी पहार पुरते. ते पुढे येईलच. आधी हे झाड कसं जगतं ते बघा, नाहीतर काकांना पटवायला तुमच्याकडे ‘फुलं छान दिसतात’ याखेरीज काही उरणार नाही, आणि त्या मुद्द्यावर कुठलाही काका हरलेला मी पाहिलेला नाही.

सीतेची आसवे हे नाव एका जातीला नाही, युट्रिक्युलेरिया या वंशातल्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या तीन-चार जातींना सरसकट वापरलं जातं. या वंशाच्या जगभरात २२० हून अधिक जाती आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जो निळा थर फोटोंत दिसतो तो मुख्यतः युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्सचा. कोकणातल्या सखल सड्यांवर रेटिक्युलाटा, लॅझुलिना, अल्बोसेरुलिया अशी मंडळी भेटतात. नुसत्या रंगावरून जात ठरवू नका. देठ शेजारच्या गवताच्या काडीला वेढे घालत वर चढला असेल आणि खालच्या पाकळीवर गडद शिरांची जाळी असेल, तर रेटिक्युलाटाकडे संशय घ्या. ती भाताच्या खाचरांत आणि बांधांवरही येते. लॅझुलिना बुटकी. अल्बोसेरुलियाच्या फुलात निळ्याबरोबर पांढरा रंग ठळक. तळ्यात किंवा भातात पाण्यावर तरंगणारी पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया ऑरिया ही याच घरातली, पण तिचा संसार वेगळा. ओल्या दरडीवर नाहीतर झाडाच्या खोडावर शेवाळात पांढरट-गुलाबी पंख्यासारखी इवली फुलं दिसली तर ती स्ट्रायटुला.

आता पुढच्या सप्टेंबरात एक काम करा. सड्यावर पालथे पडा, कपडे भिजतील ते भिजू द्या, आणि एक फूल दहापट दाखवणाऱ्या भिंगातून बघा. फुलाला दोन ओठ असतात. खालचा ओठ मोठा, त्याच्या मध्यभागी फुगवटा, फुगवट्यावर पांढरा किंवा पिवळसर डाग. मागच्या बाजूला टोकदार शेपटी, तिच्यात मध. माशी डागावर उतरते, तिच्या वजनाने ओठ खाली दबतो आणि मधाकडची वाट उघडते. फूल गळलं की निदलाची दोन दलं मात्र राहतात, वाढतात आणि आतल्या बोंडाला दोन्ही बाजूंनी झाकून घेतात. ऑक्टोबरात तपकिरी पडलेल्या देठांवर जोडीजोडीने बारीक पापुद्रे दिसतात ते हेच.

हे झालं वरचं. या झाडाची खरी गंमत खाली आहे. देठाच्या बुडाशी चिमूटभर चिखल उचला, पांढऱ्या बशीत सावकाश पाण्याने धुवा. मूळ सापडणार नाही, कारण या झाडाला खरं मूळ नसतंच. केसाहून बारीक पांढुरके धागे सापडतील, ते खोडाचेच फाटे. त्यांवर अधूनमधून हिरव्या पात्या, आणि धाग्याला लगडलेले पारदर्शक गोल दाणे, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. हे दाणे म्हणजे झाडाची तोंडं.

प्रत्येक दाणा ही पाण्याने भरलेली पिशवी, तिला आत उघडणारं दार आणि दारापाशी दोन-चार ताठ केस. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर टाकतात. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि भिंती आत खचतात, डोळ्यांत औषध घालायचा रबरी ड्रॉपर चिमटीत दाबून धरल्यावर होतो तशा. एखादा सूक्ष्म जीव चिखलातल्या पाण्यातून पोहत येऊन त्या केसांना लागला की दार उघडतं, भिंती झटक्यात फुगतात, पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो आणि दार पुन्हा लागतं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं गेलं आहे: दार उघडण्यापासून शिकार आत जाईपर्यंत एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. मग आत पाचकरस सुटतात, पिशवी पुन्हा पाणी उपसायला लागते आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर नव्याने तयार होते. चार्ल्स डार्विनलासुद्धा हे ओढून घेणं उमगलं नव्हतं. १८७५ साली त्याने असं लिहिलं की प्राणी स्वतःच डोकं घुसवून दार ढकलतात. न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट या निरीक्षक बाईंनी मात्र शिकारीचा सगळा प्रकार भिंगाखाली डोळ्यांनी पाहिला होता, आणि आपल्यापेक्षा त्यांना जास्त यश आलं हे त्याने मोकळेपणाने नोंदवलंही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सड्यावर खायला काही नाही म्हणून. जांभा कसा तयार होतो ते आठवा. लाखो वर्षं आळीपाळीने मुसळधार पाऊस आणि कडक उन्हाळा, त्यात खडकातली सिलिका आणि झाडांना लागणारे बहुतेक क्षार धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे राहिली आणि त्यांचं कडक कवच झालं. राजापुरात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. वर जी काही बोटभर माती साठते तीही दर वर्षी धुतली जाते. नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही. अशा ठिकाणी गवताला आणि तणांना नीट पाय रोवता येत नाहीत. सीतेची आसवे आपलं नत्र चिखलातल्या जीवांकडून वसूल करतात, म्हणून जिथे दुसरं कोणी दाट वाढू शकत नाही तिथे त्यांचं राज्य. शेजारी दवबिंदू दिसेल, तोही मांसाहारी, पण तो चिकट केसांनी हवेतली चिलटं धरतो. आणि गेंद, पांढऱ्या बोंडांचा. तो मांसाहारी नाही, पण भुकेकंगाल ओल्या जागेत त्याचं बरं चालतं. ही तिन्ही एकत्र दिसली की समजायचं, माती पातळ आहे, पाणी वाहतं आहे आणि इथे अजून कोणी खत पोचवलेलं नाही.

म्हणजे ज्याला काका ‘कातळ आहे, माती नाही, काही होत नाही’ म्हणतात, त्यातलं ‘माती नाही’ हेच या झाडाचं घर आहे. मी सड्यांची पाहणी करायला लागल्यापासून जी जी नासाडी पाहिली तिच्यातली बरीचशी दुष्टाव्याने झालेली नाही, जमीन सुधारायच्या भल्या हेतूने झालेली आहे. सातबाऱ्यावर सड्याची नोंद पोटखराब म्हणून असते. खराब म्हटलं की सुधारायची इच्छा होणारच.

आता येतं कुठून ते. ही वर्षायू वनस्पती आहे: कंद नाही, गड्डा नाही, उन्हाळ्यात जमिनीखाली काही जिवंत खोड लपून बसलेलं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाड पूर्ण मरतं. उरतं फक्त बी, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं बारीक, कातळाच्या खळग्यांत, भेगांत, वाळलेल्या शेवाळाच्या खपल्यांखाली. मे महिन्यात ज्या कातळावर अनवाणी उभं राहवत नाही, त्यावर ते पडून असतं.

पाऊस लागला की आधी जागे होतात निळे-हिरवे शेवाळ. उन्हाळ्यात कातळावर जो काळा रंग दिसतो त्यातला पुष्कळसा यांचाच. भिजले की फुगतात, बुळबुळीत होतात, पाय घसरतो तो यांच्यावरून. त्यांतले काही हवेतला नायट्रोजन बांधून घेतात, सड्याची जी थोडीफार कमाई आहे ती इथून सुरू होते. याच सुरुवातीच्या आठवड्यांत कोकणातल्या काही सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ती कंदवाली, तिचा शिधा घरातच असतो, म्हणून तिला घाई परवडते. सीतेच्या आसवांना शून्यातून सुरुवात करायची असते. जून-जुलैत त्यांचे धागे चिखलात पसरतात, पिशव्या कामाला लागतात, वर काही दिसत नाही. तुम्ही त्यांच्यावरून चालत जाल आणि कळणार नाही. ऑगस्टात देठ वर येतात, पावसाला उघडीप मिळून ऊन पडायला लागलं की फुलोरा भरतो. तो कोकणात साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. कासला उंची सुमारे १२०० मीटर, गारवा आणि धुकं जास्त, तिथे थोडा पुढे सरकतो. मग पाणी आटतं, गवत पिवळं पडतं, बोंडं फुटतात.

या वेळापत्रकात तुमच्या ‘कमी का झालं’चं अर्धं उत्तर आहे. तुम्ही गणपतीला गावी जाता. २०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. गणपती तिथीने येतात, फुलं पावसाने आणि उन्हाने. तीन आठवड्यांपेक्षा जास्त फरकाने एकाच सड्याकडे पाहून तुलना होत नाही. २०२५ ला पाऊस मेअखेरीसच कोकणात उतरला होता हे खरं, त्यामुळे फुलं लवकर यायला हवी होती असं वाटेल. पण ढग हटून ऊन पडल्याशिवाय फुलोरा भरत नाही, नुसता पाऊस लवकर येऊन भागत नाही. तेव्हा आधी गावातल्या कोणाला तरी सांगून दर वर्षी १५ सप्टेंबरच्या आसपास, एकाच दगडावर उभं राहून, एकाच दिशेने एक फोटो काढून ठेवा. तीन-चार वर्षांचे असे फोटो असले की बोलता येईल.

उरलेलं अर्धं उत्तर दोन गोष्टींत शोधा. एक म्हणजे ऐन वाढीच्या वेळची उघडीप. जुलै-ऑगस्टात आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं तर बोटभर माती सुकून जाते, पिशव्या पाण्याशिवाय निकामी होतात, आणि मूळच नसल्यामुळे खालून पाणी ओढायची सोय नाही. अशा वर्षी फुलं खळग्यांच्या कडेला तेवढी उरतात, म्हणजे तुमचे ‘ठिपके’. हे नैसर्गिक आहे, त्याची काळजी करू नका. सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही, थोडं मागे राहतं. दुसरी गोष्ट काळजीची: वरच्या अंगाला काही बदललंय का? चिऱ्यांचा ढीग, गाडीरस्ता, नवा गडगा (रचीव दगडांची भिंत), कोणाच्या तरी बागेचा भराव? सड्यावरचं पाणी पातळ चादरीने सरकत येतं, अमुक एका ओहोळातून येत नाही, त्यामुळे ते अडलं तर चटकन लक्षात येत नाही. फुलं मात्र दुसऱ्याच वर्षी सांगतात. गडग्याच्या खालच्या बाजूला फुलं गायब आणि वरच्या बाजूला तुंबलेल्या पाण्यात नुसतं लव्हाळं, असं चित्र दिसलं तर गुन्हेगार सापडला.

कुंडीचं थोडक्यात सांगतो. नका आणू. तुम्ही फुललेलं झाड उपटणार, म्हणजे त्याचं आयुष्य तसंही महिनाभराचं उरलेलं. उपटताना ते धागे तुटतातच. बाल्कनीत नळाचं क्लोरीनवालं, क्षारांचं पाणी आणि कुंडीत गांडूळखत, दोन्ही त्याला विष. आणि बी पडण्याआधी उपटलंत म्हणून सड्यावरचं पुढच्या वर्षीचं तेवढं झाडही गेलं. हे तुमच्या स्वतःच्या जमिनीतलं. कासवरून असं काही उचललंत तर ते राखीव वन आहे, तिथे गुन्हा होतो. पिशव्यांची झाडं वाढवायची हौसच असेल तर या वंशातल्या दक्षिण आफ्रिकेकडच्या सँडरसोनाय, लिव्हिडा अशा जाती हौशी लोक वर्षानुवर्षं कुंडीत वाढवतात: पीट आणि वाळू, खाली ताटलीत कायम पाणी, पाणी पावसाचं नाहीतर ऊर्ध्वपातित, खत अजिबात नाही. तसलं रोप विकत घ्या. फक्त ते किंवा त्याची माती गावच्या सड्यावर कधी नेऊ नका.

आता हापूस. काकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान मिळालं, आणि कोकणात कातळावर सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून कलमं लावायची पद्धत रुळली. त्या बागांवर घरं उभी राहिली, पोरं शिकली. कातळावरच्या आंब्याची चव उजवी असते असं बागायतदार छातीठोकपणे सांगतात. तेव्हा ‘निसर्गासाठी त्याग करा’ अशा भाषेत त्यांच्याशी बोलू नका.

पहार घ्या आणि ऑगस्टच्या शेवटी काकांना सोबत घेऊन सडा फिरा. दर दहा-पंधरा पावलांवर पहार मारायची. दोन-तीन बोटं जाऊन ठण्ण आवाज आला, पाय ओल्यात आहे, आजूबाजूला गेंद आणि आसवे आहेत, तर तिथे दगडांची छोटी रास रचून खूण करा. पहार हातभर आत गेली, जवळ करवंदाची जाळी, कुडा असं काही मूळ धरून उभं आहे, तर ती कलमाची जागा. अशी जागा बहुधा सड्याच्या कडांना, उतार सुरू होतो तिथे आणि जुन्या भेगांच्या ओळीत मिळते. तिथे आंबा कमी खर्चात लागतो, सुरुंग लागत नाही, पाणीही कमी घालावं लागतं. मधल्या सपाट कातळावर लावलेलं कलम पहिली काही वर्षं टँकरच्या पाण्यावर जगवावं लागतं. हा हिशेब काकांना माझ्यापेक्षा चांगला कळेल.

मग वर आणि खाली बघा. कलमं नेहमी फुलांच्या खालच्या अंगाला लावायची, वरच्या अंगाला कधीही नाही. कारण आंब्याला शेणखत आणि रासायनिक खत पावसाच्या तोंडाला पडतं, आंबा मोहरावा म्हणून दिल्या जाणाऱ्या कल्टार या रसायनाचं द्रावण बुंध्याभोवती ओतायची वेळही जुलै-ऑगस्टचीच. त्याच दिवसांत सड्यावरून पाणी वाहत असतं. वरून आलेलं ते पाणी फुलांच्या जागेवर पसरलं की दोन पावसांत गवत उंच आणि हिरवंगार होतं, मागोमाग रानमोडीचं तण येतं, आणि आसवांना ऊन मिळत नाही. बघणाऱ्याला वाटतं सडा सुधारला. सुरुंगाचंही तसंच: खड्डा एक मीटरचा असला तरी तडे लांबवर जातात आणि वरून सरकणारं पाणी तड्यांतून खाली उतरतं. फुलांच्या चादरीजवळ खड्डा नकोच. गडगा घालायचा असेल तर बुडाशी ठिकठिकाणी मोऱ्या ठेवा, पाणी चादरीनेच पलीकडे गेलं पाहिजे.

गुरांबद्दल लोक हमखास विचारतात. पावसात गुरं सड्यावर चरली तर माझा आक्षेप नाही. गवत आखूड राहतं, ठेंगण्या फुलांना ऊन मिळतं. फक्त रात्रभर एकाच जागी बसवू नका, तिथे शेणामुताने जमीन जड होते. कासलाही कुंपण असावं की नसावं, गुरं यावीत की नाही, यावर बराच वाद झाला आहे. माझं मत चराईच्या बाजूने झुकतं, कारण हे सडे माणूस आणि गुरं यांच्याबरोबरच शेकडो वर्षं राहिले आहेत. जास्त भीती चपलांची आणि चाकांची. ओल्या दिवसांत शंभर माणसं एका रांगेने चालली तर त्या पट्ट्यातली शेवाळाची साय खरवडली जाते, माती वाहून जाते आणि कातळ उघडा पडतो. कास २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि आठवड्याच्या सुट्टीला गर्दी इतकी वाढली की प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. तुमच्या सड्याचे फोटो टाकाल तेव्हा गावाचं नाव न टाकलेलं बरं. गाडी रस्त्यावरच ठेवा, आणि आत जायचं तर उघड्या दगडावरून पाय टाकत जा, फुलांतून नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण राजापूर म्हटल्यावर सांगायलाच हवी. तुमच्या तालुक्यात बारसू, देवीहसोळ, कशेळी इथे कातळशिल्पं आहेत. कशेळीचा कोरीव हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळही आहे. शिल्पांच्या चरांत पावसाचं पाणी आणि बोटभर माती साठते, आणि सप्टेंबरात कधीकधी अख्ख्या आकृतीची रेघ गेंदाने आणि आसवांनी भरून निघते. तेव्हा सडा फिरताना, कातळात सरळ किंवा गोलाकार रेघ आणि तिच्यात ओळीने फुलं दिसली, तर पहार तिथे मारू नका. आधी नोंद करा, गावातल्या जाणत्यांना विचारा. भराव घातला की फुलांबरोबर तेही खाली जाईल.

सखल जांभ्याचा हा पट्टा तुमच्या तालुक्यात संपत नाही; रत्नागिरीपासून गोवा, कारवार करत तो मलबारपर्यंत जातो, आणि सीतेची आसवेही त्याच्याबरोबर जातात. कण्णूर जिल्ह्यातली माडायिप्पारा ही जांभ्याची टेकडी ओणमच्या सुमारास रेटिक्युलाटाने निळी होते. तिथे या फुलाला काक्कापू म्हणतात आणि ओणमच्या फुलांच्या रांगोळीत ते हवंच असतं. आपल्याकडे ऐन गणपतीत ही फुलं सड्यावर असतात, पण माटवीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) हरणं, तेरडा, कांगण्या अशी रानफुलं-फळं बांधतात. आसवे कोणी तोडत नाही, तोडली तरी घरी पोचेपर्यंत मान टाकतात. एका अर्थी बरंच आहे.

काकांना दाखवायला एक नकाशा करा. सातबाऱ्याचा गट घ्या, त्यावर पहारीने सापडलेल्या जागा दोन रंगांत भरा, पाण्याचा उतार बाणांनी दाखवा. माझ्या पाहण्यात, एवढं केल्यावर फुलांसाठी सोडावी लागणारी जागा घरच्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी निघते, कारण जिथे फुलं सगळ्यात दाट असतात तिथे कलम लावायला सगळ्यात जास्त खर्च येतो. तिथलं गवत दर वर्षीसारखं कापा, पण बोंडं फुटून गेल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात. आणि कापलेलं गवत तिथेच कुजत ठेवू नका, उचलून न्या. उरलेलं गवत पेटवायची सवय असेल तर ती मात्र सोडा. नकाशा आणि ऑगस्टअखेरचे चार फोटो पाठवलेत तर कुठल्या कोपऱ्यात कलमं चालतील ते मी सांगू शकेन. फोटोत देठाचं बूड आणि फुलाची मागची शेपटी दिसू द्या, जातही ठरवता येईल.